फोर्ट सेल्कर्क, १८५२: लूट की हक्काचं रक्षण?

सागरवाट: अलास्काच्या किनाऱ्यावरच्या ट्लिंगिट लोकांना सरसकट 'दलाल' म्हटलं जातं, ते मला खुपतं. चिल्कॅट आणि चिल्कूट खिंडी ओलांडून ते आताच्या कॅनडातल्या युकॉनच्या आतल्या मुलखात माल नेत. त्यात मुख्य माशाचं तेल. यूलाकन हा वीतभर मासा इतका तेलकट, की वाळवून पेटवला तर मेणबत्तीसारखा जळतो. खड्ड्यात काही दिवस मुरवायचा, पाण्यात तापलेले दगड सोडून उकळायचा आणि वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. परतताना पाठीवर मूस या मोठ्या हरणाची कातडी आणि फर. या वाटा घराण्यांच्या मालकीच्या होत्या. १८४८ मध्ये फरचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश हडसन्स बे कंपनीच्या रॉबर्ट कॅम्पबेलने पेली आणि युकॉन नद्यांच्या संगमावर फोर्ट सेल्कर्क उभारून त्यांच्या पोटावर पाय दिला. ऑगस्ट १८५२ मध्ये ट्लिंगिटांपैकी चिल्कॅट लोकांनी ते ठाणं लुटून रिकामं केलं, पण कॅम्पबेलला जिवंत जाऊ दिलं. त्यांनी आपला हक्क राखला, एवढंच.

पठारावरून: हक्क राखला तो कुणाला दाबून? शिकार आतल्या मुलखातल्या टुचोनी लोकांनी करायची, कातडी त्यांच्या बायकांनी कमवायची, आणि किनाऱ्यावर उतरून जहाजवाल्यांशी थेट सौदा करायला मात्र मज्जाव! सेल्कर्कमुळे दुसरं गिऱ्हाईक पहिल्यांदाच त्यांच्या दारात आलं होतं. लुटीनंतर कॅम्पबेल तिथल्याच लोकांना घेऊन ठाण्यावर परतला. तोवर चिल्कॅट निघून गेले होते. पण ही माणसं कुणाच्या बाजूने उभी राहिली, ते बघा ना.

सागरवाट: कंपनी काही धर्मादाय करायला आली नव्हती. त्या ठाण्यात माल धड पोचतही नसे. आणि ट्लिंगिट व्यापारी अनोळखी दारात जात नसे. त्याचा आतला भागीदार ठरलेला असे, पुष्कळदा सोयरीक जुळलेली असे. आतल्या मुलखातल्याच टॅगिश लोकांत ट्लिंगिट कुळं आली ती याच नात्यांतून.

पठारावरून: सोयरीक होती, कबूल. पण टॅगिश लोक हळूहळू ट्लिंगिटच बोलायला लागले आणि त्यांची स्वतःची भाषा संपली. बरोबरीची सोयरीक असती तर एकाच घरची भाषा का गेली असती?

नकाशाप्रेमी: एक कागद दोघांनीही बघावा. १८६९ मध्ये अमेरिकन सर्वेक्षक जॉर्ज डेव्हिडसन सूर्यग्रहण पाहायला क्लकवान या चिल्कॅट गावाजवळ आला, तेव्हा चिल्कॅट प्रमुख कोहक्लक्स आणि त्याच्या दोन बायकांनी त्याला क्लकवान ते सेल्कर्क वाटेचा नकाशा काढून दिला. कोहक्लक्स स्वतः १८५२ च्या टोळीत होता. नद्या, तळी, डोंगर, सगळं आठवणीतून. वाटेचं इतकं ज्ञान असणाऱ्याला नुसता दलाल कसं म्हणायचं? सागरवाट, इथवर मी तुमच्या बाजूचा. पण त्यावरची बहुतेक नावं ट्लिंगिट आहेत, अगदी पलीकडच्या मुलखातलीसुद्धा, हेही मला बोचतं.

पठारावरून: तेच म्हणतोय मी. त्या तळ्यांवर मासे धरणाऱ्या माणसांना कुणी विचारलं होतं, तुम्ही याला काय म्हणता?