उंदराच्या यकृतात एसओडी-२: २२ ऐवजी २५ आणि ५० ला बँड

बडोद्याहून लिहितेय. एसओडी-२, म्हणजे मायटोकाँड्रियातलं मँगनीजवालं सुपरऑक्साइड डिसम्युटेज, वेस्टर्न ब्लॉटवर बघायचंय, म्हणजे जेलवर प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून हवं ते अँटिबॉडीनं ओळखायचं. प्रायमरी अँटिबॉडी माऊस मोनोक्लोनल, म्हणजे उंदराची; तिला पकडून पट्टा दाखवणारी सेकंडरी अँटि-माऊस एचआरपी; जेल १२ टक्के. बँड २२ किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वजनाचं माप) हवा. माणसाच्या हेला पेशींत तो तिथेच येतो, एकटा, सुरेख. यकृतात मात्र २५ आणि ५० ला दोन ठसठशीत पट्टे, आणि २२ चा २५ च्या पोटाखाली पुसटसा. सर म्हणतात २५ म्हणजे पुढचं २४ अमिनो आम्लांचं शेपूट न कापलेलं प्रोटीन, आणि ५० म्हणजे जोडी. आठ प्राण्यांचे आकडे मी २५ चाच बँड मोजून काढलेत. चालेल ना?

— अँटिबॉडी जरा पातळ कर, १:५००० वर जा. बॅकग्राउंड जाईल.

— पातळ करून काही होणार नाही, आणि ते आकडेही चालणार नाहीत. अगं, उंदराच्या ऊतीवर उंदराचीच अँटिबॉडी! यकृतात रक्त असतं, रक्तात उंदराचं आयजीजी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडीज. साखळ्या सुट्या करणाऱ्या रिड्यूसिंग जेलवर त्याची हलकी साखळी २५ ला, जड ५० ला, आणि तुझी सेकंडरी दोन्ही पकडते. हेलात उंदराचं रक्त कुठून येणार? शेपूट मायटोकाँड्रियात शिरतानाच कापलं जातं, तेव्हा ते रूप एवढं साचत नाही. जोडीही एसडीएस या प्रोटीन उलगडणाऱ्या डिटर्जंटमध्ये उकळल्यावर सहसा टिकत नाही. म्हणजे तू आठ वेळा यकृतात किती रक्त उरलं ते मोजलंस. वाईट वाटून घेऊ नकोस, मीही एक उन्हाळा असाच घालवलाय.

आज एवढंच कर: ब्लॉटची एक पट्टी फक्त सेकंडरीत ठेव, प्रायमरी नाही. पुढच्या वेळी सशाची अँटिबॉडी घे, सेकंडरी अँटि-रॅबिट, उंदराचं आयजीजी धरू नये म्हणून माऊस सीरमवर अ‍ॅडसॉर्ब केलेली. यकृत काढण्याआधी पोर्टल शिरेतून थंड सलाईन सोड, लालपणा जाऊन ते फिकट बदामी होईपर्यंत. मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉन छिद्रांचं, नाहीतर एवढं छोटं प्रोटीन आरपार जातं. नमुने सारखे भरलेत का ते बघायला, म्हणजे लोडिंगला, व्हीडॅक हे मायटोकाँड्रियाचंच प्रोटीन लाव. नुसत्या अ‍ॅक्टिनवरून मायटोकाँड्रिया किती आले ते कळत नाही.

— काका, केलं. प्रायमरी नसलेल्या पट्टीवर २५ आणि ५० जसेच्या तसे, आणि २२ गायब. सरांनी फिल्म खिडकीशी धरली, बराच वेळ बघितली, मग विचारलं, ‘सशाची कधी येणार?’ डीप फ्रीझरमध्ये त्याच आठ यकृतांचे तुकडे उरलेत, सलाईन न दिलेले. सशाची आली की आधी तेच लावते.