वॉटरब्लॉक स्वतः बनवायचाय: तांबं की अ‍ॅल्युमिनियम? झाकण कशाचं?

थंडपाणी:
प्रोसेसरवर बसवून त्याची उष्णता पाण्याला देणारा ब्लॉक स्वतः मिलिंग करून बनवतोय. अ‍ॅल्युमिनियम भराभर कापलं जातं आणि हलकंही असतं, म्हणून डिझाइन त्यातच काढलंय: फिन (पाण्याला उष्णता देणाऱ्या उभ्या पात्या) ०.५ मिमी जाड, ४ मिमी उंच. रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे. झाकण अ‍ॅक्रिलिकचं करावं म्हणतो. काही चुकतंय का?

लेथवाला:
रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर अ‍ॅल्युमिनियम बादच करा. दोन्ही धातू एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतं, आणि त्याचा गाळ फिनच्या फटींत अडकून प्रवाह तुंबतो.

थंडपाणी:
पण तयार बंद कूलरमध्ये तर तांब्याची प्लेट आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर सर्रास एकत्र असतात!

लेथवाला:
असतात. पण तो लूप, म्हणजे पाणी फिरायचा मार्ग, कारखान्यातच सीलबंद होतो आणि कूलंटमध्ये गंजरोधक असतं. त्यानं गंजाचा वेग कमी होतो, थांबत नाही. तुम्ही लूप उघडणार, पाणी बदलणार. तिथे हा धोका पत्करू नका.

मिलीमीटर:
गंज बाजूला ठेवला तरी ते डिझाइन जसंच्या तसं तांब्यात उतरवू नका. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची १६७ च्या आसपास. फिन बारीक आणि उंच होत गेली की उष्णता टोकापर्यंत पोचत नाही, वरचा भाग नुसता पाण्याला अडथळा करतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये हे लवकर घडतं, म्हणून तिथे फिन जाड किंवा बुटकी ठेवावी लागते. तांब्यात त्याच उंचीला फिन पातळ करता येते, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त फिन बसतात. बाजारातल्या चांगल्या ब्लॉकमध्ये ०.२-०.३ मिमीच्या फिन दिसतात. त्या बहुधा स्काइव्हिंगनं, म्हणजे पात्यानं धातूचा पातळ थर उचलून उभा करून, काढतात. तांबं मऊ असल्यामुळे ते जमतं.

तुमच्या मशीनवर तेवढं बारीक जायचा हट्ट नको. तांबं कटरला चिकटतं, कडेला धातूची कुसळं (बर) येतात, पातळ फिन वाकते. ०.५ मिमीची स्लिटिंग सॉ (फटी कापायची पातळ चकती), धारदार, भरपूर कटिंग ऑइल. फिनची उंची ३ मिमीवर आणा.

थंडपाणी:
मग चांदीच का नको? छोटा तुकडा मिळू शकतो.

मिलीमीटर:
चांदी तांब्यापेक्षा जेमतेम ७ टक्के सरस. खरा अडथळा प्रोसेसर आणि ब्लॉकमधल्या थर्मल पेस्टमध्ये आणि फिनला लागून असलेल्या पाण्याच्या थरात असतो, तिथे चांदी काहीच करत नाही. तो वेळ तळ सपाट घासण्यात घाला, फरक दिसेल. निकेल प्लेटिंग हवं तर करा. ते तांब्यापेक्षा कमी वाहक असलं तरी थर काही मायक्रॉनचाच असतो, तापमानात जाणवत नाही. पेस्टऐवजी लिक्विड मेटल (गॅलियमचा द्रव मिश्रधातू) वापरणार असाल तर मात्र प्लेटिंग हवंच, गॅलियम तांब्यात मुरतं.

लेथवाला:
झाकणासाठी माझं मत कडक प्लास्टिक असलेलं अ‍ॅसिटल. अ‍ॅक्रिलिकमधून प्रवाह दिसतो, ते सुंदरच असतं, पण फिटिंग जास्त आवळली की आट्यांपासून तडा जातो. त्यातून अल्कोहोलनं पुसलं तर बारीक भेगा पडतात. अ‍ॅसिटल हे सगळं सोसतं आणि आटेही स्वच्छ पडतात. अ‍ॅक्रिलिकच हवं असेल तर जाड घ्या, आतले कोपरे गोल ठेवा, फिटिंग हातानंच आवळा.

थंडपाणी:
ठरलं: तांबं, ३ मिमी फिन, अ‍ॅसिटल. ओ-रिंगची (गळती रोखणाऱ्या रबरी कडीची) खाच तळात की झाकणात?

लेथवाला:
झाकणात. अ‍ॅसिटलमध्ये खाच गुळगुळीत निघते, आणि तांब्याचा तळ एका सपाटीत घासता येतो.