आयब्रोचं मायक्रोब्लेडिंग कोण केलंय का? दिराच्या लग्नाआधी करू की नको

वडगावची वैनी:
नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात वडगावला असते, शाळेत शिकवते, वय ३६, मोठा सहावीला आणि धाकटी दीड वर्षाची. कॉलेजात असताना माझ्या भुवया चांगल्या भरलेल्या होत्या, तेव्हा बारीक कमानीची फॅशन म्हणून दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग करून करून पातळ झाल्या आणि धाकटीच्या बाळंतपणानंतर तर कानाकडच्या टोकाचे केस जवळजवळ गेलेच. रोज सकाळी पेन्सिलनं काढते खरं दुपारपर्यंत घामानं एका बाजूची निघून जाते आणि मग वर्गात उभं राहायला फार संकोच वाटतो.
तुळशीच्या लग्नानंतर आमच्या धाकट्या भाऊजींचं लग्न आहे. ओळखीच्या एका पार्लरमध्ये विचारले तर त्या म्हणाल्या मायक्रोब्लेडिंग करा, म्हणजे बारीक ब्लेडनं भुवईत केसासारख्या रेघा मारून रंग भरायचा, नऊ हजार, एकदाच बसायचं, अजिबात दुखत नाही आणि पाच वर्षं बघायला नको. सासूबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या डोळ्याच्या वर सुई कशाला लावून घेतेस. आता मला काहीच ठरवता येईना. खरंच पाच वर्षं टिकतं का, किती दिवस तोंड धुवायचं नाही, माझी स्किन तेलकट आहे त्यानं काय फरक पडतो, आणि धाकटी अजून रात्री अंगावर पिते तर चालतं का? कोण केलं असेल तर खरं खरं सांगा, चांगलं वाईट दोन्ही.

निपाणीची अक्का:
मी केलंय, दोन वर्षं झाली, कोल्हापूरला जाऊन. सगळं सांगतो, जरा लांब होईल.
तीन तास गेले. त्यातला पाऊण तास नुसता मापाचा, दोऱ्याला रंग लावून नाकापासून कपाळापर्यंत रेघा मारून आधी भुवईचा आकार काढला, आरसा दिला, मी दोनदा बदलायला लावलं. ह्यात गडबड करायची नाही, बसून आरशात बघायचं, आडवं झाल्यावर तोंड वेगळं दिसतं. मग बधिर व्हायचं क्रीम लावून अर्धा तास ठेवलं. दुखत नाही हे खोटं, थ्रेडिंगच्या दुप्पट तरी दुखतं, आणि दुसऱ्या भुवईच्या वेळेला क्रीमचा जोर उतरला होता तेव्हा डोळ्यातनं पाणी आलं. ब्लेडचा खसखस आवाज येतो तो जास्त सोसवत नाही.
घरी आलो त्या दिवशी लई छान दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासनं चौथ्यापर्यंत एकदम काळंभोर, कोळशानं ओढल्यासारखं, मी बाहेर पडलोच नाही. सहाव्या दिवशी खाज सुरू, बारीक खपल्या सुटायला लागल्या, हात लावायचा नाही, ओढलीस तर रंग पण खपलीबरोबर येतो आणि तिथं पांढरा ठिपका राहतो. दहाव्या-बाराव्या दिवशी आरशात बघितलं तर रंगच नाही! मी रडलो, पैसे गेले म्हणून त्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या वर नवीन कातडं आलंय, चार आठवडे थांबा, रंग आतनं वर दिसायला लागंल. आणि तसंच झालं, महिन्यानं हळूहळू दिसायला लागलं. सातव्या आठवड्यात टच-अप केला, म्हणजे परत बसून राहिलेल्या जागी रंग भरून घेतला, तेव्हा कुठं काम पुरं झालं. एकदाच बसायचं म्हणतात ते धरून चालू नकोस, टच-अपचे पैसे त्यात धरलेत का आधी विचार, माझे मिळून १४ हजार गेले.
तोंड दहा दिवस नीट धुतलं नाही, ओल्या कापडानं गालापर्यंत पुसायचं, केस पार्लरमध्ये मान मागं टाकून धुवून घेतले. आमच्या घरी तंबाखूची वखार आहे, ती धूळ नको म्हणून तिकडं फिरकलो नाही आणि भाकरी पण पंधरा दिवस जाऊबाई करत होत्या, चुलीपुढं घाम येतो आणि घाम लागला की रंग फिका पडतो.
आता खरी गोष्ट. माझी पण स्किन तेलकट. वर्षभर केसासारख्या रेघा सुटसुटीत दिसल्या, मग एकमेकीत मिसळायला लागल्या, आता सगळं मिळून तपकिरी सावलीसारखं दिसतंय. वाईट नाही, पेन्सिल लागत नाही, खरं जे फोटोत दाखवलं ते वर्षाच्या पुढं राहिलं नाही. परत करायचं झालं तर मी रेघांच्या ऐवजी ठिपक्यांनी भरतात ते पावडर ब्रो करीन.

धागा आणि ब्रश:
मी शहापुरात पार्लर चालवते, हे काम शिकून सहा वर्षं झाली, त्यामुळे अक्कांनी लिहिलंय त्यात थोडी भर घालते. पाच वर्षं म्हणून जे सांगितलंय त्याचा मला राग येतो, अशानं आमच्यासारख्यांवरचा पण विश्वास जातो.
आपलं वरचं कातडं साधारण महिन्याभरात नवीन होत असतं. ब्लेडनं जो रंग भरतात तो ह्या थराच्या किंचित खाली बसावा लागतो. वरवर राहिला तर खपलीबरोबर निघून जातो आणि फार खोल गेला तर पसरतो आणि निळसर दिसायला लागतो. सगळं कौशल्य त्या केसाएवढ्या अंतरात आहे, म्हणून हात कोणाचा आहे ते बघायचं, रेट नंतर. नीट बसलेला रंग बहुतेकांचा वर्ष ते दीड वर्ष चांगला दिसतो, कोरड्या स्किनवर थोडा जास्त, तेलकट स्किनवर आणि उन्हात फिरणाऱ्यांचा कमी. खरं पूर्ण निघून जाईलच असं नाही, कितीतरी जणींना पुढं अनेक वर्षं फिकट छटा राहते. म्हणून आकार फॅशन बघून नाही, स्वतःच्या हाडाप्रमाणं ठरवायचा.
वैनी, तुमच्या तेलकट स्किनला मायक्रोब्लेडिंग मी तरी सुचवणार नाही. मशिनच्या बारीक सुईनं ठिपके ठिपके भरून पावडर लावल्यासारखं दिसतं ते पावडर ब्रो तुम्हाला जास्त टिकेल. पुढच्या बाजूला रेघा आणि मागं ठिपके असं मिसळून पण करतात, त्याला कॉम्बो म्हणतात.
रंगाचं पण सांगते. कस्टमर येतात ते काळा कुळकुळीतच हवा म्हणतात. लोखंडाच्या गंजापासून होणारे जे तपकिरी पिगमेंट असतात ते जुने झाले की तांबूस होतात आणि कार्बनचे काळे राखाडी-निळसर होतात. म्हणून आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला मधला गडद तपकिरी धरावा, बरा झाल्यावर तो नैसर्गिक दिसतो.
जिथं जाल तिथं त्या दिवशी काढलेले फोटो बघू नका, सहा-आठ आठवड्यांनंतरचे फोटो मागा, आणि त्यांच्याच कस्टमरचे. ब्लेड किंवा सुई तुमच्यासमोर बंद पाकिटातनं काढायला सांगा, तेच ब्लेड दुसऱ्याला वापरलं तर कावीळ बी, सी, एचआयव्ही सगळ्याचा धोका असतो, ह्यात भीड धरायची नाही. दोन दिवस आधी कानामागं थोडा रंग लावून सोसतो का बघायचं, ही पॅच टेस्ट झालीच पाहिजे. आणि अंगावर पाजणाऱ्या आईला मी हात लावत नाही, गरोदर बाईला पण नाही. कितीजणी रागावून गेल्या, जाऊ देत.

मलप्रभेकाठची:
मी खानापूर तालुक्यातली. लिहू की नको विचार करत होते, खरं लिहिते.
आमच्या आजीच्या दोन भुवयांच्या मधे आणि हनुवटीवर गोंदण होतं, जत्रेत बसून केलेलं. लहानपणी मी विचारायची हे हिरवं का, तर म्हणायची केलं तेव्हा काळंच होतं बाळ, वय झालं तसं ते पण हिरवं झालं. माझ्या मावसबहिणीनं तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी आयब्रो करून घेतले, चार हजारात, नाव लिहीत नाही. त्या मुलीनं फार खोल दाबलं, रक्त थांबतच नव्हतं, आणि दोन वर्षात तिच्या भुवयांचा रंग अगदी आजीच्या गोंदणासारखा झाला. आजीच्या कपाळाला ते शोभायचं कारण त्याला अर्थ होता आणि ते तिनं स्वतः मागून घेतलं होतं. बहीण मात्र आता लग्नकार्यात फोटो काढायला उभी राहत नाही, बघून पोटात तुटतं.
काढायला लेसर आहे, खरं तिच्या डॉक्टरांनी आधी कोपऱ्यात एवढ्याशा जागी करून बघितलं, कारण काही पिगमेंट लेसर लागला की फिके व्हायच्या ऐवजी काळे होतात. तिचं सुदैवानं झालं नाही, तीन वेळा झालंय, अजून जायचंय, आणि करायला लागले त्याच्या कितीतरी पट पैसे काढायला गेलेत. स्वस्त म्हणून कुठंही बसू नका एवढंच माझं म्हणणं.

सिस्टर चिकोडी:
मी नर्स आहे, स्किनच्या ओपीडीत काम केलंय. वैनी, तुम्ही लिहिलंय की कानाकडच्या टोकाचे केस गेले आणि ते पण बाळंतपणानंतर. हे वाचून मला पहिल्यांदा रंगाचं नाही, थायरॉइडचं डोक्यात आलं. थायरॉइड कमी पडलं की भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होतो, आणि बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात थायरॉइड बिघडणाऱ्या बायका आपल्याकडं काय कमी नाहीत. थकवा, वजन, केस गळणं, बद्धकोष्ठ, थंडी जास्त वाजणं असं काही आहे का? टीएसएच करून घ्या, थायरॉइडची साधी रक्ताची तपासणी आहे, त्याबरोबर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, पण बघा. थ्रेडिंगनं वर्षानुवर्षं उपटलेले केस बरेचदा परत येत नाहीत ते खरंय, खरं जे आजारानं गेलेत ते औषधानं येऊ शकतात, मग त्याच्यावर ब्लेड कशाला चालवायचं.
गोल चकतीसारखे केस गेले असतील तर ती चाई असू शकते. आणि भुवई गळतीय आणि अंगावर कुठं फिकट बधिर चट्टा आहे असं कोणाचं असेल तर सरळ सरकारी दवाखान्यात दाखवा, कुष्ठरोगाचं औषध तिथं फुकट मिळतं आणि पूर्ण बरं होतं, लपवायचं काही कारण नाही.
ज्यांना जखमेचा व्रण जाड उठून येतो त्यांनी हे करू नये. शुगर आटोक्यात नसेल, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, मुरुमासाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळी मनानं बंद करू नका. रेटिनॉलची क्रीम लावत असाल तर भुवईपासून लांब ठेवा, रंग उडतो. केल्यानंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. पुढं कधी एमआरआय काढायची वेळ आली तर तिथं सांगायचं की भुवईत रंग भरलाय, त्यात लोखंडाचा अंश असतो, क्वचित गरम लागतं. आणि केल्यावर लालसरपणा दोन-तीन दिवसात कमी व्हायला पाहिजे, वाढत गेला, पू आला, ताप आला तर पार्लरला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडं जा.

निपाणीची अक्का:
सिस्टर बरोबर बोलल्या, हे मला कोण सांगितलंच नव्हतं. मी पण टीएसएच करून घेतो ह्या आठवड्यात.
वैनी, अजून एक, आत्ता बेळगावात पाऊस काय पडतोय बघतेस न्हवं, गाडीवरनं शाळेत जातेस तर ओलं व्हायचं टळत नाही, रेनकोटची टोपी भुवईला घासत राहते. करायचंच झालं तरी पाऊस उतरल्यावर. खरं तेव्हा लग्नाच्या तोंडावर पण नको, टच-अप धरून तीन महिने हातात पाहिजेत, हळदीच्या दिवशी खपल्या नकोत.

धागा आणि ब्रश:
लग्नापुरतं काही हवं असेल तर सुई न लावता पण होतं. जिथं केस आहेत तिथं लॅमिनेशन, म्हणजे केस सरळ करून वर बसवतात, सहा आठवडे राहतं, खरं केसच नसतील तिथं त्याचा उपयोग नाही. टोकाला टिंट म्हणजे तात्पुरता रंग किंवा ब्रो हिना म्हणजे भुवईची मेंदी लावता येते, स्किनवर आठवडाभर छटा राहते. ह्यालाही पॅच टेस्ट लागते आणि रस्त्यावर मिळणारी काळी मेंदी भुवईला अजिबात लावायची नाही, त्यातल्या केमिकलनं फोड येऊन डोळे सुजलेले मी बघितलेत.

वडगावची वैनी:
बारा दिवसांनी लिहिते, माफ करा. सिस्टर, तुम्ही लिहिलेलं वाचून मला दुसऱ्या दिवशीच झोप लागेना कारण थकवा, थंडी सगळंच होतं, मी धाकटीच्या जागरणाचं म्हणून सोडून देत होते. टीएसएच १४ आलं, म्हणजे थायरॉइड कमी पडतंय, आणि हिमोग्लोबिन पण कमी, ९. डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी सुरू केलीय, सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि लोहाची गोळी दुपारनंतर वेगळी, दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत म्हणाले. सहा आठवड्यांनी परत रक्त बघणार. अंगावर पाजायला हरकत नाही. भुवयांचं काय विचारले तर म्हणाले चार-सहा महिने जाऊ देत, किती येतात बघू, मग ठरवा.
पार्लरमध्ये जाऊन नाही म्हणून सांगून आले. सासूबाईंना रिपोर्ट दाखवला, तेव्हापासनं त्याच रोज सकाळी गोळी घेतलीस का विचारतात.
ब्रशताई, लग्नासाठी तुम्ही म्हणता ती ब्रो हिना करून बघायचीय. शनिवारी माझी शाळा सकाळची असते, दुपारी पॅच टेस्टला आले तर चालेल का? शहापुरात कुठं ते मेसेजमध्ये कळवा.