मक्याचा तुरा काढू काय?

परसबागवाला, पेडणे: घरामागे कुंपणाला लागून मका लावलाय, एकच ओळ, आता तुरे आलेत. यूट्यूबवर शेतकरी तुरे उपटून टाकताना बघितलं, मी पण काढू काय? दोन तर सकाळीच काढले.

माडाखाली: थांब रे बाबा! तुरा म्हणजे नर फूल, त्यातले पराग वाऱ्याने कणसाच्या केसांवर पडतात, एक केस म्हणजे एक दाणा, सगळे काढलेस तर दाणेच भरणार नाहीत. तू बघितलंस ते हायब्रीड बियाण्याचं शेत असणार, तिथे मादी ओळींचे तुरे पराग सुटायच्या आधीच काढतात म्हणजे त्यांना शेजारच्या नर ओळीचेच पराग लागतात.

सत्तरीची माती: बेबी कॉर्नला पण काढतात, तिथे दाणे भरायलाच नको असतात. तुरे गुरं आवडीने खातात.

परसबागवाला, पेडणे: मग माझ्या दोन झाडांचं काय?

माडाखाली: दोन गेले तर काय होत नाय. खरी गडबड ती एकच ओळ, पराग वाऱ्याने भलतीकडे जातात. आता सकाळी तुरे हलवून पराग केसांवर पाड, पुढच्या खेपेला चार ओळींचा चौकोन कर, ओळींत ६० सेंमी, झाडांत २०. आणि आपल्या पावसात पाणी तुंबू देऊ नको, मका लगेच पिवळा पडतो.