प्लॉटचं टोकन देऊन बसलोय, एजंट पाहुण्यातलाच आहे, आता कागद कसे मागावेत?

जालन्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल पण पूर्ण वाचा.

बाबा एसटीतून रिटायर झाले, फंडाचे पैसे आले आन् ते आल्याचं सगळ्या पाहुण्यारावळ्यात कळलं. त्यातलाच एक लांबचा पाहुणा (आत्याच्या दिराचा मेहुणा, म्हणजे तसा कुणीच नाही) संभाजीनगरला प्लॉटिंगचं काम करतो. बिडकीनच्या अलीकडं एका गावच्या शिवारात १५०० स्क्वेअर फूटचा प्लॉट, भाव ९००, म्हणजे साडेतेरा लाख. टोयोटाचा प्लांट येणार, ऑरिक सिटी (औद्योगिक शहर) शेजारी, दोन वर्षात डबल. आईला तर त्यानं गाडीत बसवून नेलं, येताना पैठणला नाथांचं दर्शन पण करून आणलं. आता अशा माणसाला कोण काय विचारणार.

बाबांनी ५१ हजार टोकन दिलं, तेही फोनपेवर, तेही त्याच्या साल्याच्या नंबरवर. मी पुण्याला असतो, मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानं सौदाचिठ्ठी दिलीय ती बघितली तर लेटरपॅडवर हातानं लिहिलेली, गट नंबरच्या पुढं नुसती रेघ ओढलेली, तिथं काहीच नाही. मालकाच्या जागी "मूळ मालक व इतर". मी फोन केला तर म्हणे गट नंबर मोजणी झाली की टाकू. एनए (बिनशेती परवानगी) आहे का विचारलं तर म्हणे "प्रोसेस मधे आहे, नाहीच झालं तर गुंठेवारीत बसवून देतो", म्हणजे बिनमंजुरीचे पाडलेले तुकडे नंतर नियमित करून घ्यायचे. आन् आता रोज फोन करायलाय की अक्षय्य तृतीयेच्या आत चार लाख द्या, दुसरी पार्टी तयार आहे, ती ९५० नं घ्यायलीय, पाहुणे म्हणून तुमच्यासाठी थांबवलंय.

बाबांना म्हणलं सातबारा मागा, तर माझ्यावरच चिडले, "पाहुण्याला कागद मागायचे का, तोंड कसं दाखवायचं उद्या लग्नकार्यात."

तर प्रश्न असा की हे फसवणुकीतच मोडतं का मी उगंच संशय घ्यायलोय? आन् टोकन परत मिळतं का?

माजी_दलाल

भावा मी तीन वर्षं हेच काम केलंय, नांदेडला एका प्लॉटिंगवाल्याकडं, आता सोडलं, किराणा दुकान आहे. त्यामुळं आतलं सांगतो.

दुसरी पार्टी नसते. आमच्याकडं नकाशा भिंतीवर लावायच्या दिवशीच निम्म्या प्लॉटवर लाल टिकल्या चिटकवायचो, एकही विकलेला नसायचा. गिऱ्हाईक समोर बसलं की शेजारच्या केबिनमधला पोरगा मला फोन लावायचा आन् मी म्हणायचो, "हां साहेब, बेचाळीस नंबरचा ना, थांबा जरा, इथं एक पार्टी बसलीय, पाच मिनिटात सांगतो." गिऱ्हाईकाच्या बायकोचा चेहरा बघायचा त्या वेळी. तिथंच टोकन निघायचं.

साइटवर काय करायचो तर कमान, मुरमाचा एक रस्ता आन् दोन्ही बाजूला अशोकाची रोपं. मे महिन्यात ती वाळून जायची, दसऱ्याला परत नवी लावायची. एअरपोर्ट दहा मिनिटं, हायवे पाच मिनिटं वगैरे जे छापतात ते रविवारी सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यानं स्कॉर्पिओ पळवून मोजलेलं असतं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, ती लोकांना माहीत नसते. एजंटला एवढी घाई का असते? तो शेतकऱ्याला लाख दोन लाख बयाणा देऊन पाच सहा महिन्यांची मुदत घेतो. जमीन त्याच्या नावावर नसते, त्याच्याकडं पैसेही नसतात. त्या मुदतीत तुमच्यासारख्या दहा बारा जणांचं टोकन आन् पहिला हप्ता गोळा करायचा आन् त्यातून मालकाला पैसे द्यायचे. गोळा झाले तर व्यवहार, नाही झाले तर मुदत वाढव म्हणून मालकाच्या हातापाया पडायचं, नाहीतर गायब. घाई त्याची आहे, तुमची नाही. शेतकऱ्यानं त्याला दिलेली मुदत संपत आलेली असणार.

म्हणून मालकाची आन् गिऱ्हाईकाची भेट तो कधीच होऊ देत नाही. अजून एक, मालकाशी बोलणं एकरात आन् तुमच्याशी स्क्वेअर फूटात, म्हणजे दोघं चुकून भेटले तरी पटकन हिशोब जुळत नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, चाळीस गुंठ्याचा एकर. तुमचा ९०० चा भाव म्हणजे गुंठ्याला ९ लाख ८० हजार झाला. आता मालकाला जाऊन विचारा एकर कितीला दिला.

तावरजाकाठ

मी लातूरची. एक गोष्ट सांगते, आमच्या दिरांनी प्लॉट घेतला तेव्हा एजंटनं बोअर चालू करून दाखवला होता, चांगली तीन इंच धार. सगळे खूश. महिना कोणता होता तर सप्टेंबर!! आमच्या इथं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती आन् आम्ही सप्टेंबरची धार बघून पैसे दिले. आता फेब्रुवारी संपला की टँकर. पाणी बघायचं तर एप्रिल मे मधे जाऊन बघा, नाहीतर शेजारच्या वस्तीवरच्या बाईला विचारा घागर कुठून आणते, ती खरं सांगते.

आन् तुमच्या बाबांचं पटतंय मला. आमच्यात पण एजंट जावयाचा मित्र होता, सासरे कागदाचं नाव काढू देत नव्हते. शेवटी मी सासूबाईंना पुढं केलं. बाईमाणसानं विचारलं की राग येत नाही कुणाला.

खासरा_पत्रक

मी वकिली करतो, जमिनीच्याच केसेस जास्त. मुद्द्यावर येतो.

"गुंठेवारीत बसवून देतो" हे सरळ सरळ खोटं आहे. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ ला त्यात दुरुस्ती झाली आन् ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची सोय झाली. आज वावराचे नवीन तुकडे पाडून विकले तर ते त्यात कसे बसतील? त्याला हे माहीत आहे, तुमच्या बाबांना माहीत नाही, एवढ्यावरच त्याचा धंदा चाललाय.

एनए नसेल आन् मंजूर ले-आऊट नसेल तर खरेदीखत कसं करणार ते पण सांगतो. २०२३ च्या अधिसूचनेनं शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा विकता येत नाही) जिरायतीला २० गुंठे आन् बागायतीला १० गुंठे धरलंय. मग हे काय करतात, वीस गुंठ्याचं एकच खरेदीखत, खाली बारा जणांच्या सह्या. सातबारावर बारा नावं सामाईक. तुमचा प्लॉट कोणता हे कागदावर कुठंच नसतं, फक्त एजंटच्या रंगीत नकाशावर असतं. हिशोब करा, वीस गुंठे म्हणजे २१,७८० फूट, बारा जणांचे पंधराशेप्रमाणे १८ हजार, राहिले पावणेचार हजारात रस्ता. तो रस्ता नाही, बोळ झाला. यावर बँक लोन देत नाही. आन् बारातला एक जण जरी वाटणीसाठी कोर्टात गेला तरी बाकीचे अकरा लटकले. माझ्याकडं असली एक केस आहे, त्यातले दोघं वारले, आता वारस धरून एकवीस पक्षकार झालेत.

मराठवाड्यात अजून एक गोष्ट बघायची, जी पुण्या-मुंबईच्या लेखात सापडणार नाही. सातबारावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवरची जमीन) लिहिलंय का आन् इतर अधिकारात इनाम, कूळ, वक्फ, देवस्थान असलं काही आहे का. आपल्याकडं निजामाच्या काळातल्या मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेलं इनाम) आन् खिदमतमाश जमिनी जागोजागी आहेत. खिदमतमाश म्हणजे मशीद, दर्गा, देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली जमीन, कसणारा पिढ्यानपिढ्या कसत असला तरी ती त्याला खाजगी जमिनीसारखी विकता येत नाही. वर्ग २ ची जमीन परवानगी आन् नजराण्याशिवाय घेतली तर पैसे पाण्यात. म्हणून नुसता आजचा सातबारा नका बघू, तहसीलमधून १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीचं जुनं सरकारी नोंदपत्रक) काढा, तिथून पुढचे सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) लावून बघा. चालू सातबारा कोरा दिसतो आन् घोळ जुन्या फेरफारात असतो.

रेराचं, म्हणजे बिल्डर-प्लॉटिंगवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याचं म्हणाल तर ५०० चौरस मीटरच्या वरचं आन् आठपेक्षा जास्त प्लॉटचं ले-आऊट महारेराला (त्या कायद्याचं राज्यातलं कार्यालय) नोंदवल्याशिवाय विकता येत नाही, जाहिरात सुद्धा करता येत नाही, आन् असे प्लॉट विकणाऱ्या एजंटला पण स्वतःचा नंबर लागतो. प्रोजेक्टचा नंबर पी नं चालू होतो आन् एजंटचा ए नं. साइटवर टाकून बघा, दोन मिनिटाचं काम. आन् नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. साडेतेरा लाखाचे दहा टक्के म्हणजे १ लाख ३५ हजार, तो चार लाख मागायलाय.

टोकनचं, आधी लेखी मागा, व्हॉट्सॲपवर का असेना. नाही दिले तर वकिलाची नोटीस, पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखाच्या आतल्या तक्रारीला फी नाही. पण तिथं सेवा होती हे दाखवावं लागतं, नुसती मोकळी जमीन विकली म्हणला तर वाद घालतात. म्हणून त्याचं ब्रोशर, रस्ता-लाइट-पाणी देतो म्हणलेले मेसेज, सगळं जपून ठेवा. चिठ्ठीचा फोटो काढलाय ना?

इमानी_एजंट_बीड

सगळ्यांनी मिळून एजंट म्हणजे चोर करून टाकलं राव. मी पण एजंट आहे, परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतलंय, महारेराचा नंबर आहे, दोन टक्के घेतो आन् पावती देतो. एकराचा भाव आन् प्लॉटचा भाव असा सरळ भागून नका बघू, मंजूर ले-आऊट असलं की रस्ते जातात, दहा टक्के ओपन स्पेस जातो, चाळीसातले पंचवीस सव्वीस गुंठेच विकायला उरतात, वर एनएचा खर्च, मोजणी, नाल्या, पोल. त्यामुळं दुप्पट भाव दिसला म्हणजे लगेच लूट नाही.

पण हां, गट नंबर कोरा ठेवून टोकन घेणारा माणूस मी तरी उभा करणार नाही माझ्या दारात. आन् साल्याच्या फोनपेवर पैसे, हे तर हद्दच झाली.

माजी_दलाल

@इमानी_एजंट_बीड भाऊ तुमच्यावर नाही बोललो. पण पंचवीस गुंठे कधी उरतात? तीस फुटी रस्ते सोडले तर. आम्ही बारा फुटी सोडून पस्तीस विकायचो.

इमानी_एजंट_बीड

ते खरंय.

तावरजाकाठ

पुढं काय झालं सांगा हो, आम्ही वाट बघायलोत.

जालन्याचा_पोरगा

सॉरी, आठ दिवस लागले. शनिवारी गावाकडं आलो, आईला पुढं केलं (तावरजाकाठ ताई, आयडिया चालली). आईनं बाबांना म्हणलं, जमीन घ्यायची तर निदान मालकाच्या हातचं पाणी तरी पिऊन येऊ. यावर बाबा काही बोलू शकले नाहीत.

पाहुण्याला न सांगता गेलो. गावात हॉटेलवाल्याला फोटो दाखवला कमानीचा, त्यानं लगेच नाव सांगितलं. म्हातारबा मोसंबीच्या बागेत ठिबकच्या नळ्या गोळा करत होते. बाबांनी राम राम केला, एसटीत होतो म्हणल्यावर ते खूश, त्यांचा पोरगा पण कंडक्टर निघाला. अर्धा तास एसटीच्याच गप्पा. मग मीच विचारलं.

म्हातारबा म्हणे, "दसऱ्याला दीड लाख देऊन गेला ते खरं, पण पाडव्यापर्यंत मुदत होती, पाडवा कवाच झाला. त्यातबी मपल्या भावाचं आन् मपलं वाटणीचं चालूय तहसीलला, सही देणार कोण? ती कमान काढून न्या म्हणलो मी त्याला, गुरं अडकतेत."

भाव विचारला. एकर १ कोटी १० लाखाला बोलणं झालं होतं. मी मोबाईलवर भागून बघितलं, स्क्वेअर फूटला २५२ रुपये पडले. रस्ते बिस्ते सगळे धरले तरी ९०० कुठून आणायचे.

येताना बाबा गाडीत गप्पच होते. करमाडच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "त्याच्या साल्याचा नंबर दे." स्वतः बोलले, आवाज न चढवता, फक्त म्हातारबाचं नाव घेतलं आन् पाडव्याच्या मुदतीचं विचारलं. पलीकडून दोन मिनिटं काहीच नाही. संध्याकाळी ४० हजार आले. बाकीचे ११ हजार "साइट खर्च झालाय काका, बघू" म्हणे.

नोटीस पाठवू का विचारलं तर बाबा नको म्हणायलेत. आत्याच्या घरचं लग्न आहे १८ तारखेला, तिथं चारचौघात मागतो म्हणाले. सौदाचिठ्ठीची झेरॉक्स काढून ठेवलीय त्यांनी, शर्टाच्या खिशात.