सर्व्हेलन्सला मराठीत काय म्हणावं? 'सर्वेक्षण', 'पाळत' की आणखी काही

डिचोलीकर
एका आरोग्यपत्रकाचं मराठी करतोय आणि एका वाक्यावर गाडी अडली आहे. मूळ इंग्रजी मजकुराचा आशय असा, की सीझनल इन्फ्लुएन्झाची ॲक्टिव्हिटी राज्यात कुठे किती आहे याचं सर्व्हेलन्स आठवड्याच्या आठवड्याला होत असतं. मी लिहिलं, 'हंगामी इन्फ्लुएन्झाच्या हालचालींवर राज्यभर पाळत ठेवली जाते.' बायकोने वाचलं आणि विचारलं, "कुणाला धरायला निघालेत?"

सरकारी शब्द 'सर्वेक्षण' आहे, ते ठाऊक आहे. २००४ पासून चालू असलेल्या केंद्राच्या योजनेचं मराठी नावच 'एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम'. पण याच पत्रकात खाली घरोघरच्या सर्व्हेचाही उल्लेख आहे. त्यालाही सर्वेक्षण आणि यालाही सर्वेक्षण म्हटलं तर लोकांना वाटेल, दर आठवड्याला कोणीतरी वही घेऊन दारात उभं राहणार. पत्रक गोव्याच्या बाराही तालुक्यांत जायचं आहे. सुचवा काहीतरी.

अनुस्वार
सर्वेक्षण म्हणजे सर्व + ईक्षण. सगळं एकदा नजरेखालून घालणे, म्हणजे सर्व्हेच. सर्व्हेलन्समध्ये सातत्य आहे, म्हणून 'संनिरीक्षण' हवं. 'रोगसंनिरीक्षण' लिहा. पहिल्यांदा जड वाटेल, वापरून रुळेल. 'महापौर' हा शब्दही कधीकाळी लोकांना हसू आणणाराच होता.

पेठेतला
अनुस्वारराव, महापौर पुन्हा पुन्हा निवडून यायचा म्हणून शब्द रुळला. तुमचं संनिरीक्षण कोण निवडून देणार? बाकी वाक्यातल्या 'हालचाली' बदला. आम्ही सरळ म्हणतो, 'पावसात फ्लूचा जोर वाढतो.' ॲक्टिव्हिटी म्हणजे जोर. संपला विषय.

तांबडी माती
विषय आता सुरू झाला. पेठेतले, गोव्यात 'जोर' म्हणजे ताप! कोकणीत माणसाला ताप येत नाही, जोर येतो. 'फ्लूचा जोर वाढला' हे आमची आई 'तापाचा ताप वाढला' असं वाचेल. मूळ शब्द ज्वर, त्याचाच जोर झाला. तुमचा जोर फारसी, आमचा संस्कृत.

पेठेतला
पत्रक मराठीत आहे ना?

तांबडी माती
वाचणारे गोव्यातले आहेत ना?

रांगेतली सिस्टर
मी आरोग्य केंद्रात आहे, तेव्हा जे रोज बोलतो ते सांगते. आम्ही 'सर्व्हेलन्स'च म्हणतो. 'रिपोर्टिंग गेलं का?' हेही म्हणतो. सर्वेक्षण हा शब्द फक्त फलकावर आहे. ओपीडीत ताप-खोकल्याचा माणूस आला की बघायचं, ताप ३८ अंश किंवा त्याहून जास्त मोजलेला आहे का, खोकला आहे का, आणि सगळं दहा दिवसांच्या आतलं आहे का. बसलं तर 'फ्लूसदृश आजार'. त्यातून श्वासाला त्रास होऊन दाखल करावं लागलं तर ती 'सारी', म्हणजे श्वसनमार्गाचा तीव्र संसर्ग. मग स्वॅब. नाकातून काडी फिरवली की माणूस डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे असं बघतो, जणू मीच आजार दिला. काडी बाटलीतल्या गुलाबी पाण्यात बुडवायची, खुणेवर मोडायची, बूच घट्ट करायचं, चिठ्ठी लावायची आणि बर्फाच्या डब्यात. तो डबा बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी येईपर्यंत उघडायचा नाही, हे नव्या पोरींना दहादा सांगावं लागतं.

याला मराठीत काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. पण 'पाळत' नको. आधीच लोक नाव-पत्ता द्यायला कां-कूं करतात.

अनुस्वार
'सारी' हा शब्द मराठी म्हणून खपवल्याबद्दल वृत्तपत्रांना दंड व्हायला हवा. इंग्रजी आद्याक्षरांचा तो सांगाडा आहे. २०२० साली एका बातमीत 'सारीचे सारे रुग्ण बरे' असं वाचलं होतं.

रांगेतली सिस्टर
मग 'तीव्र श्वसनदाहाचा दाखल रुग्ण' हे फोनवर दिवसातून वीस वेळा म्हणून दाखवा.

साखळीचे मास्तर
आपल्याकडे 'जागल' हा शब्द होता. रात्रीची जागल, खळ्याची जागल. गावाला जागल्या असायचा. रोगाची जागल म्हटलं तर सातत्यही आलं आणि पोलिसी वासही गेला.

पेठेतला
मास्तर, 'जागल्या' आता व्हिसलब्लोअरला दिलाय वर्तमानपत्रांनी. 'आरोग्य खात्याचे जागले' छापलं तर खात्यातला घोटाळा कोणी उघडकीला आणला, हे शोधत लोक येतील.

तांबडी माती
जागलीपेक्षा गोव्याचा शब्द घ्या, 'राखण'. प्रत्येक गावाला राखणदार आहे, वर्षाकाठी त्याला रोंटाचा नैवेद्य जातो, त्यामुळे शब्द समजावून सांगावा लागणार नाही. 'रोगराखण'!

अनुस्वार
राखण म्हणजे रक्षण. गुरांची राखण करतात ती गुरं सुखरूप राहावीत म्हणून. तुम्ही फ्लूची राखण करणार? तो सुखरूप राहावा म्हणून?

तांबडी माती
राखण शेताची असते, रानडुकरांची नव्हे. 'आरोग्यराखण' म्हणा हवं तर.

मांडवीपल्याड
मी डॉक्टर आहे, भाषातज्ज्ञ नाही, पण इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

पहिली ॲक्टिव्हिटी. ती रुग्णांची संख्या नव्हे. समजा एका आठवड्यात शंभर स्वॅब तपासले आणि त्यांतले आठ फ्लूचे निघाले. पुढच्या आठवड्यात दोनशे तपासले, सोळा निघाले. रुग्ण दुप्पट झाले, पण फ्लू वाढला असं म्हणता येत नाही, कारण शेकडा प्रमाण आठचं आठच आहे. उलट शंभरातले पंचवीस निघाले तर कान टवकारायचे. शिवाय ओपीडीला आलेल्या एकूण लोकांत ताप-खोकल्याचे किती, तेही पाहायचं. आणि हे सगळं ताडून बघायचं ते मागच्या वर्षांच्या याच आठवड्यांशी. जुलैत जे नेहमीचं, ते एप्रिलमध्ये दिसलं तर ती बातमी. म्हणून 'हालचाली' नको आणि 'रुग्णसंख्या' तर मुळीच नको. 'फ्लूचं प्रमाण' लिहिलं तर निदान खोटं होणार नाही.

दुसरी गोष्ट पाळतीची. हा शब्द मला तितका चुकीचा वाटत नाही, कारण सर्व्हेलन्स मुळात पोलिसीच आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९३ साली संशयितांवर नजर ठेवायला ज्या समित्या नेमल्या, त्यांच्या नावावरून तो इंग्रजीत आला. वैद्यकातही त्याचा जुना अर्थ माणसावर नजर ठेवणं हाच होता. प्लेगच्या किंवा देवीच्या रोग्याच्या सहवासात आलेला माणूस आजारी पडतो का, ते बघत राहायचं. अमेरिकेच्या अलेक्झांडर लँगम्यूर यांनी १९६३ साली मांडणी करून तो शब्द माणसावरून काढला आणि रोगावर नेला. आकडे सतत गोळा करायचे, त्यांचा अर्थ लावायचा आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत ते पोचवायचे, असा नवा अर्थ झाला. इंग्रजीने शब्द न बदलता अर्थ बदलला. मराठीने 'पाळत' तशीच धुऊन घ्यायला काय हरकत आहे?

रांगेतली सिस्टर
डॉक्टर, इंग्रजी अर्थ धुऊन निघाला तो पुस्तकात. खिडकीपाशी उभ्या असलेल्या म्हातारीला 'तुझ्यावर पाळत आहे' म्हणून बघा.

मांडवीपल्याड
तिच्यावर नाही, फ्लूवर.

रांगेतली सिस्टर
तेच तिला समजावून सांगेपर्यंत मागची रांग दारापर्यंत जाते.

डिचोलीकर
'प्रमाण' आवडलं, घेतो. 'हंगामी'चं काय करू? 'हंगामी सभापती'सारखं वाटतं. जणू फ्लूची नेमणूक तात्पुरती आहे आणि कायम झाला की पगार वाढेल.

पेठेतला
'हिवाळी' लिहा ना.

मांडवीपल्याड
ते युरोपात. आपल्याकडे साधारण दोन चढ असतात. एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसात, जुलै ते सप्टेंबर. पश्चिम किनाऱ्यावर पावसातला चढ नजरेआड करता येत नाही. लशीचाही घोळ इथूनच सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा विषाणूंचे वाण सुचवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी. भारत उत्तर गोलार्धात, पण पावसातला चढ दक्षिणेच्या वेळापत्रकाशी जुळतो. तेव्हा 'हिवाळी' लिहिलंत तर माणूस पावसात गाफील राहील.

रांगेतली सिस्टर
आमचं पंचांग साधं. गणपतीची चवथ झाली की आठवड्याभरात ओपीडी खोकू लागते. मुंबई-पुण्याचे सगळे मूळ घरी आलेले असतात, एका खोलीत पंधरा जणं झोपतात, माटोळीखाली भजनं चालतात. मग एकाचं सगळ्यांना.

अनुस्वार
'ऋतुजन्य' लिहा.

साखळीचे मास्तर
ऋतूने फ्लू जन्माला घातला नाही. 'मोसमी' म्हणा. 'मोसमी वारे' म्हणतोच की आपण. शब्द अरबी 'मौसिम'. पोर्तुगीज दर्यावर्द्यांनी त्याचं 'मोन्साव' केलं, इंग्रजांनी ते उचलून 'मॉन्सून' केलं आणि आपण तेच फिरून 'मान्सून' म्हणून घेतलं. म्हणजे एकच शब्द घरात पुढच्या दाराने 'मोसम' होऊन आला आणि मागच्या दाराने 'मान्सून' होऊन. 'मोसमी फ्लू'त पाऊसही आला आणि ऋतूही.

मडगावची नात
पोर्तुगीजांचं निघालं म्हणून लिहिते. आमची आजी फ्लू म्हणायची नाही, 'ग्रीप' म्हणायची. 'ग्रीप आयल्या, पेज घे आणि न्हीद.' शब्द फ्रेंचातून पोर्तुगीजात आलेला, धरतो तो, पकडतो तो. मला तो इन्फ्लुएन्झापेक्षा खरा वाटतो. इन्फ्लुएन्झा इटालियन, म्हणजे प्रभाव. ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने साथ येते अशी समजूत होती. १७४३ च्या इटलीतल्या साथीच्या वेळी तो इंग्रजीत शिरला. म्हणजे आपण विषाणू तपासतो पुण्याच्या संस्थेत आणि नाव ठेवतो ज्योतिषाचं!

अनुस्वार
म्हणूनच म्हणतो, आयुर्वेदातला 'वातश्लैष्मिक ज्वर' आहे, तो घ्यावा.

पेठेतला
घ्या. पत्रकाच्या एका ओळीत मावला तर घ्या.

तांबडी माती
लोकांनी दिलेली नावंच टिकतात. सत्तरीत २०१५ पासून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज आहे. त्याला कोणी क्यासनूर म्हणत नाही, 'माकडताप'च म्हणतात. डॉक्टरही तेच म्हणतात आणि सरकारी फलकावरही तेच असतं. 'हिवताप' तसाच. मलेरियाचं भाषांतर कोणी कोशात बसून केलेलं नाही, माणूस हिवाने कुडकुडायचा म्हणून हिवताप.

पेठेतला
मग २००९ च्या स्वाइन फ्लूला 'डुकरताप' का नाही झालं?

मडगावची नात
गोव्यात? चोरीस, म्हणजे डुकराचं सॉसेज, विकणाऱ्यांनी मोर्चा काढला असता! गंमत सोडा, जागतिक आरोग्य संघटनेनेच ते नाव ३० एप्रिल २००९ ला बाजूला ठेवलं आणि एच१एन१ म्हणायला सुरुवात केली. डुकराचं मांस विकणाऱ्यांवर गदा येत होती, हे त्यामागचं एक कारण.

साखळीचे मास्तर
लोकांच्या नावांवरून आठवलं. १९१८ च्या साथीला आमचे आजोबा 'मानमोडी' म्हणायचे. मान मोडून टाकणारी, इतका ठणका आणि इतका अशक्तपणा. हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं गेली. मराठीत हा शब्द सरसकट होता. आज वर्तमानपत्रं त्याच साथीला 'स्पॅनिश फ्लू' लिहितात. स्पेनचा दोष एवढाच, की तो महायुद्धात तटस्थ होता आणि तिथली वर्तमानपत्रं खरं छापू शकत होती.

मडगावची नात
पोर्तुगालात त्या साथीला 'न्यूमोनिका' म्हणतात. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे. सीमेच्या अलीकडे न्यूमोनिका आणि पलीकडे मानमोडी, असंच असणार.

तांबडी माती
'असणार' नको. डिचोली-पेडण्याचे लोक सोयरिकी सावंतवाडीकडे करायचे. शब्द काय जकात नाक्यावर थांबले? आमच्या घरातही मानमोडीच म्हणायचे, फक्त आजी ते प्लेगबद्दल सांगायची.

साखळीचे मास्तर
प्लेग म्हणजे गाठीचा ताप. आजीची गल्लत झाली असेल.

तांबडी माती
आजीने प्लेगही पाहिला होता आणि मास्तरांचे आजोबाही.

डिचोलीकर
मंडळी, पत्रक उद्या सकाळी छापायला जायचंय. सर्व्हेलन्सचा निकाल लागला का? 'मोसमी फ्लूचं प्रमाण राज्यभर...' इथपर्यंत आलोय.

अनुस्वार
'संनिरीक्षिले जाते.'

मांडवीपल्याड
'पाळतीखाली असते.'

तांबडी माती
राखणीवर कोणी काही बोललंच नाही पुन्हा.

रांगेतली सिस्टर
'आठवड्याच्या आठवड्याला पाहिलं जातं' लिहा हो आणि झोपा. 'पाहणे' हे क्रियापद मराठीत अजून शिल्लक आहे.

अनुस्वार
पाहणे आणि पाहणी यांत फरक आहे. 'पाहणी' म्हटलंत की ती पुन्हा सर्व्हेवर जाते. मंत्री पूरग्रस्त भागाची 'पाहणी' करतात, आणि तीही हेलिकॉप्टरमधून.

पेठेतला
मास्तर, मानमोडी फ्लूची की प्लेगची, याचा छडा लागला पाहिजे. घाटावर काय म्हणायचे ते मी विचारतो. वेगळा धागा काढा.

अनुस्वार
धागा 'सुरू करा'. धागा काढणे म्हणजे उसवणे.

रांगेतली सिस्टर
टाके काढताना आम्ही धागाच काढतो, आणि त्याआधी जखम शिवायलाही पाकिटातून धागाच काढतो. दोन्ही बरोबर आहे.

अनुस्वार
दुसऱ्या वेळी तुम्ही पाकिटातून काढता, जखमेतून नव्हे. अपादान वेगळं आहे.

पेठेतला
मास्तर, काढा हो धागा.