एकाच डॉकवर फोन, घड्याळ आणि इअरबड्स : निवडीसाठी मदत हवी आहे

माझ्याकडे आयफोन १३, ॲपल वॉच एसई (दुसरी पिढी) आणि एअरपॉड्स प्रो (दुसरी पिढी) आहेत. पलंगाशेजारी एकच सॉकेट असल्याने तिन्ही उपकरणे रात्री एका डॉकवर (वायरशिवाय चार्ज करणाऱ्या स्टँडवर) ठेवायची आहेत.

गेल्या वर्षी घेतलेल्या स्वस्त, चुंबक नसलेल्या डॉकवर फोन जरासा सरकला तरी चार्जिंग थांबते, आणि सकाळी फोन गरम पण बॅटरी अर्धीच, असा अनुभव वारंवार येतो. कव्हर काढून पाहिले, २० वॉटऐवजी ३० वॉटचा अडॅप्टर लावला, केबलही बदलली. फरक पडला नाही. घड्याळ तर त्यावर चार्जच होत नाही, कारण ॲपल वॉचला साधा क्यूआय (वायरलेस चार्जिंगचे सर्वसाधारण मानक) पॅड चालत नाही, हे मला खरेदीनंतर कळले.

आता चुंबकीय, १५ वॉटपर्यंतचा क्यूआय-२ (त्याच मानकाची फोन चुंबकाने धरून ठेवणारी नवी आवृत्ती) डॉक घ्यावा असे वाटते. खर्चाची मर्यादा ६,००० रुपये आहे. घड्याळाला जलद चार्जिंगची सोय मुळातच नसल्याने त्यासाठी जास्त पैसे मोजायचे नाहीत. वेगापेक्षा फोन रात्रभर थंड राहणे मला महत्त्वाचे वाटते. फोनचे कव्हर जाड आणि बिनचुंबकाचे आहे, मात्र ते बदलायची तयारी आहे.

घड्याळाचा चार्जर आतच बसवलेला डॉक घ्यावा, की घड्याळासोबत आलेली मूळ केबल ज्यात अडकवता येते असा घ्यावा? आणि असा डॉक वर्षभर रोज वापरलेल्या कुणाचा फोन तापण्याबाबतचा अनुभव काय आहे?